मिडी कंट्रोलरच्या बटणांवर ड्रम वाजवणं

म्युझिक सॉफ्टवेअरमधले ड्रम मिडी कंट्रोलरच्या (स्वतः आवाज न काढता कंप्युटरला नुसते वाजवण्याचे संदेश पाठवणाऱ्या यंत्राच्या) साध्या बटणांवर बोटांनी वाजवायची पद्धत. पॅड आणि बटण वरून बघितलं तर सारखेच, चौकोनी, रबरी, आतून लाइट लागणारे, पण पॅडखाली दाब किंवा आघात मोजणारा सेन्सर असतो आणि बटणाखाली नुसता स्विच, त्यामुळे बटणाला दाबलं आणि सोडलं एवढंच कळतं, किती जोरात ते कळत नाही. या पद्धतीच्या जवळपास सगळ्या अडचणी आणि खुब्या इथूनच निघतात. सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे नोव्हेशनचा २००९ चा पहिला लाँचपॅड. ८ बाय ८ अशी ६४ बटणं, हळू दाबा नाहीतर आपटा, वेलोसिटी, म्हणजे ठोक्याच्या जोराचा आकडा, १२७ च जाते, म्हणजे सगळ्यात जास्त.

याचं मूळ कुठलं यावर दोन प्रकारे बोललं जातं. एक म्हणजे २००६ च्या मोनोम या कंट्रोलरपासून, कारण लाइटवाल्या बटणांची मोकळी जाळी ही कल्पना त्यानेच रुजवली. त्याच्या पहिल्या मॉडेलचं नाव ४०एच, सोळाच्या पायात (हेक्साडेसिमल) लिहिलेले ४० म्हणजे आपले ६४, बटणांची संख्या तेवढीच. दुसरं म्हणजे रॉजर लिन यांच्या १९८० च्या एलएम-१ या ड्रम मशीनपासून, खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज त्यात बटण दाबून वाजवता यायचे आणि तिथेही बटणाला जोर कळत नव्हता. पुष्कळदा सगळं श्रेय १९८८ च्या अकाई एमपीसी६० ला दिलं जातं, तेही लिन यांचंच डिझाइन, पण त्याचे ४ बाय ४ पॅड जोर ओळखणारे होते आणि तसे पॅड त्याआधी लिन ९००० वर (१९८४) आलेच होते, तेव्हा एमपीसी हे पॅडचं घराणं, बटणाचं नाही. रोलँड टीआर-८०८ या ड्रम मशीनची १६ बटणंही इथे धरत नाहीत, ती मुख्यतः ठोके जागेवर लिहून ठेवायला आहेत. बोटाने बटण दाबून ड्रम वाजवायची क्रिया एलएम-१ कडून आणि जाळीचा आकार मोनोमकडून आला, असं मानणं त्यातल्या त्यात बरोबर वाटतं. मात्र लाँचपॅड मुळात एबलटन लाइव्ह या म्युझिक सॉफ्टवेअरमधल्या क्लिप (संगीताचे छोटे तुकडे) चालू-बंद करायला काढला होता, ड्रम हा त्याचा जोडधंदा.

आता नंबरांचं. बटण दाबलं की आवाज जात नाही, नोट नंबर जातो, आणि कुठल्या नंबरवर कुठला ड्रम हे सॉफ्टवेअर ठरवतं. जनरल मिडी या सगळ्यांसाठी ठरवलेल्या नियमांच्या १९९१ च्या तक्त्यात ३६ म्हणजे किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), ३८ स्नेअर, ४२ बंद हायहॅट, ४६ उघडा हायहॅट, सगळे मिळून ३५ ते ८१ असे ४७ आवाज, चॅनल १० वर. हा तक्ता बराचसा रोलँडच्या १९८७ च्या एमटी-३२ शी जुळतो, म्हणून त्याचा उगम तिकडचा समजायला हरकत नाही. खरा गोंधळ सप्तकांच्या नावांचा आहे. मधला सी म्हणजे नोट ६०, यावर वाद नाही, पण त्याला यामाहाच्या रिवाजात सी३ म्हणतात, रोलँडच्या रिवाजात सी४ आणि एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये सी५, म्हणजे तीच ३६ नंबरची किक एबलटनमध्ये सी१ दिसते आणि एफएलमध्ये सी३, आणि माणूस ट्युटोरियल बघून सी१ वर सेट करत बसतो आणि आवाज काही येत नाही. नाव सोडा, नंबर धरा.

पहिल्या लाँचपॅडवर हे अगदी जवळून बघता येतं. त्याच्या साध्या मांडणीत वरच्या डाव्या बटणाला ० आणि प्रत्येक ओळीला १६ ची उडी. मग ३६ येतो वरून तिसऱ्या ओळीत पाचव्या बटणावर, ३८ सातव्यावर, आणि ४२ व ४६ कुठेच येत नाहीत कारण ती ओळ बाजूच्या गोल बटणासकट ४० ला संपते आणि पुढची ४८ ला सुरू होते. किक-स्नेअर वाजतात, हायहॅट मुका, आणि लोकांना वाटतं बटण खराब आहे. त्यासाठीच ड्रम रॅकची (एबलटनमधल्या ड्रमच्या संचाची) वेगळी मांडणी दिलेली आहे, तिच्यात खाली डावीकडे ३६ पासून चार-चारच्या ओळी वर चढतात, डावा अर्धा ६७ पर्यंत, उजवा ६८ ते ९९.

इतर कंट्रोलरची बटणं कधी नोटऐवजी सीसी (व्हॉल्यूमसारख्या सेटिंगचे संदेश) पाठवतात, त्यावर ड्रम वाजत नाही, ती नोटवर आणावी लागतात. बटण टॉगलवर (एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद) असेल तर एक आड एक ठोका गायब होतो, त्याला मोमेंटरी (दाबलं तेवढंच चालू) करायचं. आणि सॅम्पल (रेकॉर्ड केलेला आवाज) वन-शॉटवर, म्हणजे एकदा दाबलं की पूर्ण वाजेल असं, ठेवायचं, नाहीतर बोट उचललं की क्रॅश झांज अर्धवट तुटते.

जोराची उणीव भरून काढायचे दोन मार्ग. एक, तोच स्नेअर दोन बटणांवर, एक मोठा एक हलका. दोन, एबलटनचा वेलोसिटी इफेक्ट लावून थोडा रँडम, त्याने हायहॅट मशीनसारखा वाटत नाही पण कुठला ठोका ठसठशीत हवा ते आपल्या हातात राहत नाही, म्हणून पहिला मार्गच बरा. ट्रॅप, हाउस, टेक्नोला एकसारखा जोर चालतो, किंबहुना हवाच असतो.

तबल्याचे सॅम्पल लावले की मर्यादा लगेच दिसते. केरवा घ्या, धा गे ना ती न क धी न. डाव्या हाताच्या बटणांवर डग्गा, उजव्यावर दायां, धा साठी गे आणि ना एकदम दाबायचे, धी साठी गे आणि ती. डग्ग्याचा बंद क आणि खुला गे एका चोक ग्रुपमध्ये (एक वाजला की दुसरा थांबतो अशा गटात) टाकले की क पडताच गे ची गुंज थांबते, बंद हायहॅट उघड्याला गप्प करतो तसंच, आणि ठेका एकदम खरा वाटायला लागतो. पण मनगटाच्या दाबाने डग्ग्यावर जी मींड निघते ती बटणावर नाही निघत, तिला दाब कळणारा पॅड लागतो, लाँचपॅड प्रोसारखा (२०१५). आपल्याकडे बँजो पार्टीत आणि ऑर्केस्ट्रात जे ऑक्टोपॅड दिसतं (रोलँडचं पहिलं १९८५ चं) ते काठीने वाजवायचं आणि जोर ओळखणारं, म्हणून ते या नोंदीत येत नाही.

उशीर हा शेवटचा मुद्दा. जुन्या मिडी वायरीवर एक नोट जायला साधारण १ मिलिसेकंद लागतो, खरा उशीर ऑडिओ बफरचा, म्हणजे कंप्युटर आवाज बाहेर सोडण्याआधी जेवढे सॅम्पल साठवतो त्याचा. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला तेवढे सॅम्पल) २५६ चा बफर म्हणजे ५.८ मिलिसेकंद, हाताला कळत नाही. १०२४ चा म्हणजे २३, आणि १२० च्या लयीत सोळावा ठोका १२५ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा मागे, ते बोटांना लगेच जाणवतं. रेकॉर्ड करताना १२८ वर आणायचा, मिक्सिंगला परत वाढवायचा.