बिनबियांची द्राक्षं ‘जीएम’ नसतात

‘बिया नाहीत म्हणजे जीएम, जनुकांत फेरफार केलाय, मुलांना देऊ नका,’ असं मंडईत दर हंगामात कानावर येतं. हे चूक आहे. थॉम्पसन सीडलेस हा खूप जुना वाण. त्यात बी धरतं, पण कोवळं असतानाच खुंटतं. वेल वाढवतात काडी लावून. मणी फुगवायला जिबरेलिक ॲसिड हे वनस्पतींचं वाढीचं संप्रेरक वापरतात, त्याने जनुकं बदलत नाहीत.

भारतात शेतकऱ्याच्या रानात परवानगीने पिकणारं जीएम पीक एकच, २००२ पासूनचा बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेला. त्याच्या सरकीचं तेल मात्र आपल्या पोटात जातं! बीटी कापसामुळे आधी फवारण्या घटल्या, पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली. त्याचं दरवर्षी विकत घ्यावं लागणारं संकरित बियाणं कोरडवाहू शेतकऱ्याला परवडतं का, हे मला द्राक्षांपेक्षा जास्त छळतं.