मनमाडला गाडी बदलून : मराठवाड्यातल्या गाण्याच्या खर्चाची पार्श्वभूमी

"एक गाणं करायचंय, किती लागतील?" नांदेडात किंवा लातुरात कुणी असं विचारलं की समोरचा आधी उलट विचारतो, "नुसतं ऑडिओ, का व्हिडिओपण?" पूर्वी हा प्रश्नच नव्हता. पूर्वीचा प्रश्न होता, मुंबईला किती जण न्यायचे?

त्याआधीच्या काळात तर गाणाऱ्याने खिशात हात घालायची वेळच येत नव्हती. 1902 साली ग्रामोफोन कंपनीने कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं. त्यांनी त्यासाठी 3,000 रुपये घेतल्याचं सांगतात. खर्च कंपनीचा, म्हणून निवडही कंपनीची. तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. रात्र रात्र चालणारा गोंधळ त्यात कोंबणार कसा? शिवाय 17 सप्टेंबर 1948पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात आणि कंपन्यांची दारं मुंबई-कोलकात्यात.

पुढे पैसे देऊन स्टुडिओ मिळू लागला, तरी तो मुंबईतच. आणि 1990च्या दशकात रूळ रुंद होईपर्यंत नांदेड-परभणीहून मुंबईला जायचं म्हणजे मीटरगेजने मनमाडपर्यंत आणि तिथे गाडी बदलून पुढे. स्टुडिओचं भाडं शिफ्टवर. गायक, वादक, कोरस सगळे एकदम वाजवत-गात. एकाची ताल-सुरात चूक झाली की टेक पहिल्यापासून. दहा माणसांचं तिकीट, मुक्काम, जेवण परवडणार कुणाला? मग बऱ्याचदा गायक तेवढा जायचा आणि वादक तिथलेच घेतले जायचे. संबळ आणि हलगी गावाकडेच राहायची. कित्येक रेकॉर्डिंगमध्ये आपली माती कमी ऐकू येते, त्यात मला तरी या तिकिटाचा हात दिसतो.

आकाशवाणीने थोडा दिलासा दिला. परभणी आणि औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) केंद्रांवर स्वरपरीक्षा पास झाली की रेकॉर्डिंगला खर्च नाही, वर मानधनाचा चेक. टेप मात्र केंद्राकडेच राहायची.

खरी उलथापालथ केली कॅसेटने. 1983मध्ये टी-सिरीज उभी राहिली, तशाच छोट्या-मोठ्या कंपन्याही आल्या आणि तबकडीच्या मानाने फार कमी भांडवलात माल बाजारात येऊ लागला. तुळजापूर-माहूरच्या यात्रेत देवीची आराधी गीतं, 14 एप्रिलच्या आसपास भीमगीतं. 14 जानेवारी 1994ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडून नामविस्तार झाला, त्या लढ्याची गाणीही लोकांनी जलशात ऐकली तशी टेपवर ऐकली. यातल्या पुष्कळ गाण्यांना चाल तयार असायची, एखाद्या गाजलेल्या सिनेमागीताची. शब्द आपले, चाल उसनी. संगीतकाराचं मानधन वाचलं. स्वतःची चाल बांधणं ही तेव्हा चैन होती. उसन्या चालीला नावं ठेवणाऱ्यांनी हा हिशेब कधी केला नाही.

मग कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड (काड्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आले, पाठोपाठ कॉम्प्युटर. वादकांचा ताफा एका माणसाच्या बोटांत आला. ट्रॅक आधी, आवाज नंतर. चुकलेली ओळ तेवढीच पुन्हा डब करायची. जिल्ह्याच्या गावी, पुढे तालुक्यालाही, एका खोलीत स्टुडिओ निघाले. भिंतीला अंड्यांचे ट्रे नाहीतर गोधड्या, भारनियमनासाठी इन्व्हर्टर. मे महिन्यात बेचाळीस अंशांत पंखा आणि कूलर बंद करून गायचं, कारण माइक घरघर पकडतो. त्या घामाचं बिल कुणी लावत नाही.

2016च्या सप्टेंबरात जिओ आलं. गाणं मोबाइलवर बघायची गोष्ट झाली आणि ऑडिओत वाचलेला पैसा कॅमेरा, ड्रोन, नाचणारी मुलं-मुली, एडिटिंग आणि जाहिरात यांच्याकडे वळला. गाण्यापेक्षा त्याच्या शूटिंगला जास्त लागतात, हे आता कुणाला नवल वाटत नाही. हलगीही सॅम्पलमधून, म्हणजे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या तुकड्यातून वाजते. ती वाजवणारा माणूस पलीकडच्या गल्लीत असतो.

हक्कांचं प्रकरण वेगळंच. एकरकमी पैसे घेऊन सही करून द्यायची, ही कॅसेटवाल्यांच्या काळातली सवय अजून गेलेली नाही. कॉपीराइट कायद्यातल्या 2012च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा वारस किंवा हक्कसंस्था (रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) सोडून दुसऱ्या कुणाला लिहून देता येत नाही, हे सही घेणारा सांगत नाही. कॉपीराइट नोंदणीचं सरकारी शुल्क शब्दांना 500, चालीला 500 आणि ध्वनिमुद्रणाला 2,000 रुपये. बजेटच्या कागदावर ड्रोनचा आकडा असतो, हे तीन आकडे सहसा नसतात.