चकत्यांच्या वह्या: खाचा सारख्या, कागद निराळे

पानाच्या कडेला अळंबीच्या आकाराच्या खाचा पाडायच्या आणि ती पाने जाड काठाच्या चकत्यांवर बसवायची, ही बांधणी १९४८ साली बेल्जियममध्ये आंद्रे तोमा आणि आंद्रे मार्तँ यांनी शोधली व ‘अटोमा’ या नावाने ती बाजारात आली. खाच तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असल्यामुळे चकतीचा काठ तिच्यात अडकून राहतो. पान एका कोपऱ्यातून हलकेच ओढले की खाचेच्या कडा लवतात, एकेक खाच सुटत जाते आणि तेच पान दुसऱ्या जागी दाबून बसवता येते. या बांधणीचे खरे मोल मला याच सोयीत दिसते.

पुढे अमेरिकेत रोलाबाइंड, लेव्हेंजरची सर्का, स्टेपल्सची आर्क, हॅपी प्लॅनर अशा वह्या निघाल्या. सुदैवाने दोन खाचांमधले साधारण एक इंचाचे अंतर या सर्वांत जवळपास तेच राहिले, त्यामुळे एकीची पाने दुसरीच्या चकत्यांवर सहसा बसतात. चकती लहान असो वा मोठी, खाच तीच चालते. मोठ्या चकतीत पाने अधिक मावतात, एवढेच.

अडचण येते ती कागदाच्या मापाची. अमेरिकी ‘लेटर’ कागद २१५.९ × २७९.४ मिलिमीटरचा, तर युरोपात आणि आपल्याकडे रुळलेला ए४ हा २१० × २९७ मिलिमीटरचा. दोन्हींना ११ चकत्या लागतात, पण लेटरच्या मुखपृष्ठांत ए४ पान घातले की ते वर-खाली मिळून सुमारे १८ मिलिमीटर बाहेर डोकावते. त्यातून पंचाची (खाचा पाडण्याच्या यंत्राची) कागद टेकवायची पट्टी लेटरच्या मापावर राहिली, तर हा सगळा वाढावा एकाच टोकाला जातो. ए५ आणि अर्ध्या लेटरचा मेळ मात्र चांगला जमतो: दोन्हींना ८ चकत्या लागतात आणि उंचीत फरक जेमतेम ६ मिलिमीटरचा असतो.

म्हणून घरी रिफिल करताना आधी मुखपृष्ठ मोजावे आणि कागद त्या मापाला कापून घ्यावा. झेरॉक्सचा ७०-७५ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) कागद चालतो, पण पाने वारंवार काढली-घातली की खाचांच्या कडा फाटू लागतात. ९० ते १०० जीएसएमचा कागद बराच अधिक टिकतो. खाचांसाठी आतल्या बाजूला पुरेसा समास सोडावा आणि छपाई आधी, पंच नंतर असाच क्रम ठेवावा, कारण खाचा पाडलेली कड प्रिंटरच्या रोलरमध्ये अडकू शकते.