पहिली कादंबरी छापायला देण्याआधी : आमच्याकडे येणाऱ्या लेखक-लेखिकांसाठी माहितीपत्रक

गणपतीला गावी आलेले चाकरमानी परतीच्या आदल्या दिवशी आमच्या दुकानात डोकावतात. कोणाच्या पिशवीत जाडजूड वह्या असतात, कोणाच्या खिशात पेनड्राइव्ह. "कादंबरी लिहून झाली आहे, दिवाळीपर्यंत पुस्तक हातात मिळेल ना?" असं विचारतात. मिळू शकतं. छपाई आणि बांधणीला आम्हाला जेमतेम तीन आठवडे लागतात. तरी जवळजवळ प्रत्येकाला आम्ही थोडं थांबायला सांगतो. का थांबायचं आणि थांबून काय करायचं, हे दुकानात उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक लिहिलं आहे.

आमचं काम रत्नागिरीत चालतं. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मांडणी आणि छोट्या आवृत्त्यांची छपाई एवढं आम्ही करतो. मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रुफं, मी तपासते, मशीन आणि बांधणी माझा भाऊ बघतो. आम्ही प्रकाशक नाही. आमच्याकडे छापलेल्या पुस्तकाचा खर्च लेखकाचा आणि सगळे हक्कही लेखकाचेच. मी स्वतः एक कादंबरी लिहिली आहे, दुकान उघडण्याआधी पहाटे बसून, अडीच वर्षं. खाली जे सांगते आहे त्यातलं बरंचसं त्या कादंबरीने शिकवलेलं आहे.

लिहून झाल्यावर

शेवटचं वाक्य लिहिलं त्या दिवशी मला वाटलं होतं, काम संपलं. दुसऱ्याच दिवशी अक्षरजुळणीला घेणार होते. घरचंच दुकान, विचारायचं कोणाला? भावाने हस्तलिखित माझ्या हातातून घेऊन कपाटात ठेवलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. दोन महिन्यांनी दिली. पहिलं प्रकरण वाचायला घेतलं आणि चौथ्या पानावर मला स्वतःचाच कंटाळा आला. नायिका बंदरावर पोचायलाच अकरा पानं घेत होती. लिहिताना ती अकराही पानं मला अत्यंत गरजेची वाटत होती! त्यांतली दीड ठेवली.

तुम्हीही निदान सहा आठवडे मजकूर बाजूला ठेवा, ही आमची पहिली विनंती. त्या काळात वाचा. "लिहिताना दुसऱ्यांचं वाचलं की त्यांची छाप पडते" असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. छाप पडायची भीती एकच लेखक वाचणाऱ्याला असते, दहा वाचणाऱ्याला फारशी नसते. आवडलेली एखादी कादंबरी दुसऱ्यांदा वाचायला घ्या, हातात पेन्सिल ठेवून (पुस्तक स्वतःचं असेल तरच!). प्रकरण कुठे थांबवलं आहे, कोण बोलतंय हे "तो म्हणाला" न लिहिता कसं कळतं, दहा वर्षं एका ओळीत कशी सरली, हे पाहा. पहिल्या वाचनात गोष्ट दिसते, दुसऱ्या वाचनात शिवण.

पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असंही नाही. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 पासून आहे, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 पासून. या किनाऱ्यावर वाचायला पुस्तक मिळालं नाही ही सबब चालायची नाही.

मोठ्याने वाचून दाखवा

ही या पत्रकातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मे महिन्यात माझी आत्या ओटीवर कोकमासाठी रातांबे फोडत बसली होती. मी शेजारी बसून तिला कादंबरी वाचून दाखवायला लागले. तीन दुपारी वाचलं. आत्या चौथीपर्यंत शिकलेली, तिने कादंबरी अशी कधी हातात धरलेली नाही. पहिल्या दुपारी ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दुपारी मी तो प्रसंग वाचत होते, जिथे नायिकेचा भाऊ आषाढातल्या रात्री एकटाच होडी घेऊन समुद्रात जातो. माझ्या मते ते कादंबरीतलं सर्वांत सुंदर पान होतं. आत्याचा हात थांबला. लालभडक बोटांनीच तिने मला थांबवलं आणि म्हणाली, "अगो, आषाढात होडी पाण्यात कशी? ती वर ओढून झापांनी शाकारलेली असते ना? नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कोण जातो?"

मी याच किनाऱ्यावर वाढले आहे. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या मी दर वर्षी पाहते. यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते, हेही मला ठाऊक होतं. पण लिहिताना मला पाऊस हवा होता, अंधार हवा होता आणि होडी हवी होती, म्हणून मी तिन्ही एकत्र आणून ठेवली. आत्याच्या प्रश्नानंतर तो प्रसंग मी पुन्हा लिहिला. आता तो भाऊ शाकारलेली होडी रात्री एकट्याने उघडायला घेतो, झापं ओढून काढतो आणि भिजत तिच्यात बसून राहतो. होडी वाळूतच आहे. ज्यांनी पुस्तक वाचलं त्यांतल्या बहुतेकांनी मला याच पानाबद्दल सांगितलं.

म्हणून मोठ्याने वाचा, आणि कोणाला तरी वाचून दाखवा. मनात वाचताना डोळा चुकीवरून सरकून जातो, जीभ मात्र अडखळते. जिथे जीभ अडखळली तिथे वाक्य लांबलंय किंवा शब्द उसना आहे असं समजा. ऐकणारा माणूस कादंबरीतला गाव किंवा धंदा जाणणारा असला तर सोन्याहून पिवळं. आणखी एकजण असा शोधा, ज्याने कोकण पाहिलेलंच नाही. 'पेज', 'वई', 'गडगा' हे शब्द त्याला समजले का ते विचारा. समजले नाहीत तरी कंसात अर्थ देऊ नका. पुढच्या वाक्यात कोणाला तरी गडग्यावरून उडी मारायला लावा, अर्थ आपोआप कळेल.

ऐकून "छान आहे" म्हणणाऱ्यांचे आभार माना. पण "इथे मला झोप आली" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि नेमकं पान विचारून घ्या.

बोली कशी लिहायची

सिंधुदुर्गातून येणाऱ्या बहुतेक हस्तलिखितांत संवाद मालवणीत असतात, आणि ते तसेच असावेत असं आमचं ठाम मत आहे. अडचण एकच येते. तिसऱ्या पानावर 'खंय', चाळिसाव्यावर 'खय' आणि शंभराव्यावर 'खैं'. तिन्ही एकाच आजीच्या तोंडी. आम्ही यातलं कुठलं रूप बरोबर हे ठरवत नाही, तुम्हीच ठरवा. एका छोट्या वहीत 'माका', 'तुका', 'हयसर', 'थयसर' असे तुमचे नेहमीचे शब्द एकदाच लिहून आणा. मी त्या वहीबरहुकूम तपासते. निवेदन प्रमाण मराठीत असेल तर मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे नियम आणि त्यांत 1972 मध्ये पडलेली भर, असे 18 नियम आम्ही पाळतो. पात्राच्या तोंडी 'असं केलं, मी म्हटलं' ही रूपं त्या नियमांनाही मान्य आहेत. त्याच नियमांत केशवसुतांच्या आधीची कविता छापताना ती मूळ रूपात छापावी असं सांगितलं आहे. केशवसुत आमच्या मालगुंडचे, म्हणून हा नियम मला विशेष जवळचा वाटतो.

फाईल देताना

शक्यतो युनिकोडमध्ये टाइप केलेली फाईल द्या. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये वळवता येतो, पण त्यात जोडाक्षरं मोडतात, आणि काही चुका अशा होतात की शब्दकोशालाही सापडत नाहीत. माझ्याच कादंबरीत हे झालं. अर्धा मजकूर मी जुन्या फाँटमध्ये टाइप केला होता. तो वळवताना 'दर्या'चे सगळीकडे 'दऱ्या' झाले. दोन्ही शब्द बरोबरच, म्हणून संगणकाने एकाखालीही लाल रेघ मारली नाही. मी दोनदा मुद्रित वाचलं तरी सहा ठिकाणं राहिलीच. "रात्रभर दऱ्या गाजत होत्या" असं छापून आलं नाही, कारण क्रियापद एकवचनी होतं. "रात्रभर दऱ्या गाजत होता" असं छापून आलं. पहिल्या आवृत्तीच्या प्रत्येक प्रतीत मी पेनने ते दुरुस्त केलं आहे. तेव्हापासून स्वतःच्या मजकुराचं शेवटचं मुद्रित मी तपासत नाही, दुसऱ्याकडून तपासून घेते. तुम्हालाही तसंच करायला सांगते. लिहिणाऱ्याला पानावर काय आहे यापेक्षा काय असायला हवं तेच दिसतं.

दुरुस्त्या तीन मुद्रितांत संपवा. पहिल्यात वाक्यं बदलली तर चालेल, दुसऱ्यात शब्द, तिसऱ्यात फक्त चुका. तिसऱ्या मुद्रितावर नवा परिच्छेद घातलात तर पुढची सगळी पानं सरकतात आणि आमचं मांडणीचं काम पुन्हा होतं. त्याचे पैसे आम्ही वेगळे लावतो, हे आधीच सांगून ठेवते. आणि पावसात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा फाईलची एक प्रत मेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा.

पानं, फर्मे, कागद

साठ हजार शब्दांची कादंबरी डेमी, म्हणजे कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकारात पानाला साधारण 280 शब्द धरले तर 215 पानांच्या आसपास जाते. त्यात शीर्षक, अर्पणपत्रिका, मनोगत धरून 224. छपाई 16 पानांच्या फर्म्यात होते (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेली पानं म्हणजे फर्मा), म्हणजे बरोबर 14 फर्मे. हेच 227 झालं तर तीन पानांसाठी पुढचा फर्मा उघडावा लागतो. अशा वेळी आम्ही तुम्हाला फोन करून तीन पानं कमी करता येतील का असं विचारतो. वाईट वाटून घेऊ नका. बहुतेकदा मनोगतच तीन पानांनी लांबलेलं असतं.

200-300 प्रतींपर्यंत डिजिटल छपाई परवडते, त्याहून जास्त काढायच्या तर प्लेट करून ऑफसेट. पहिल्या कादंबरीला 200 प्रती पुरे, असं आम्ही स्वतःचं नुकसान सोसून सांगतो. हजार प्रती घरी नेलेल्यांचे गठ्ठे आम्ही पाहिले आहेत. इथल्या दमट हवेत कागद ओल ओढतो, पानं लाटेसारखी होतात, लॅमिनेशन केलेलं मुखपृष्ठ वळतं, कसर आणि वाळवी येते ती वेगळीच. गठ्ठे जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, फळीवर ठेवा. याच कारणाने जून ते ऑगस्ट आम्ही चिकट बांधणी शक्यतो टाळतो. पावसाळ्यातच पुस्तक हवं असेल तर शिवून बांधणी घ्या. थोडा खर्च वाढतो, पण पानं सुटत नाहीत.

कागदाचे भाव वरचेवर बदलतात, म्हणून दर या पत्रकात दिलेले नाहीत. लेखी अंदाज मागा, तो आम्ही देतो. सगळ्या प्रती काढण्याआधी एक प्रत बांधून दाखवतो. ती घरी न्या, दोन दिवस उशाशी ठेवा आणि मगच सही करा.

हक्क आणि कागदपत्रं

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो आणि लेखक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर ते अर्ज भरून देण्याचे आहेत हे लक्षात घ्या. आयएसबीएन म्हणजे कॉपीराइट नव्हे. कॉपीराइट 1957 च्या कायद्याने लिहिताक्षणीच तुमचा होतो आणि तुमच्या पश्चात 60 वर्षं टिकतो. नोंदणी सक्तीची नाही.

पुढे एखादा प्रकाशक तुमची कादंबरी घ्यायला तयार झाला तर आम्हाला आनंदच आहे. पण करार लेखी करा. मानधन किती, किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी, हे त्यात असायलाच हवं. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. भाषांतराचे, चित्रपटाचे हक्क पहिल्याच कागदावर सगळे एकदम देऊन टाकू नका.

स्वतः प्रकाशित केलं तर 1954 च्या कायद्याप्रमाणे 30 दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या ठरावीक ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. ती पाकिटं आम्ही बांधून देतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे; पुस्तक छापण्याआधी तिची चौकशी करा, छापल्यावर उपयोग नाही. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी वेगळा पुरस्कार आहे आणि तो दापोलीजवळच्या मुर्डीत जन्मलेल्या श्री. ना. पेंडसे यांच्या नावाने दिला जातो. प्रवेशिकांची जाहिरात आली की आम्ही ती दुकानाच्या दाराला लावतो.

पहिल्यांदा येताना

पहिली तीन प्रकरणं छापील काढून आणा, पूर्ण हस्तलिखित नको. बोलीच्या शब्दांची वही आणा. कोणाला वाचून दाखवलं आणि ते काय म्हणाले, हे चार ओळींत लिहून आणलंत तर मला फार मदत होते. सकाळी 11 च्या आत आलात तर निवांत बोलता येतं, नंतर लग्नपत्रिकांची गर्दी सुरू होते. ती तीन प्रकरणं मी वाचून आठ दिवसांत फोन करते. त्याचे पैसे नाहीत.