करवंदाची रोपं घेण्याआधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी. डोंगरातलं करवंद शेतात येतं का, असं नर्सरीत रोज कुणीतरी विचारतं. येतं. माण-खटावच्या मुरमाड रानात, पाटण-शिराळ्याच्या उतारावर तर झकास येतं, फक्त कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत पाणी साचत असेल तर लावू नका, मुळं कुजतात.

आता मुद्द्याचं. बियांपासून केलेली रोपं एकसारखी निघत नाहीत, एकाच झुडपाच्या बिया लावल्या तरी एकाला टपोरं गोड फळ आणि शेजारच्याला बारीक आंबट असं होतं. म्हणून नुसतं कुंपण करायचं असेल तर बियांची रोपं घ्या, स्वस्त पडतात, पण माल विकायचा असेल तर चांगल्या झाडाची गुटी (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) किंवा कलमच घ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' ही मोठ्या फळाची जात आहे, ती पण बघा. गुटी महाग का, तर पावसाळ्यात बांधलेल्या सगळ्याच फांद्यांना मुळं फुटत नाहीत.

घरी बी लावणार असाल तर पिकलेलं काळं करवंद चिरडून बी धुवून लगेच पेरा, पुढच्या वर्षासाठी डबीत ठेवलेलं बी उगवत नाही. बियांच्या रोपाला साधारण तिसऱ्या वर्षी फळ धरतं, पहिले एकदोन उन्हाळे मात्र पाणी द्यायलाच लागतं. आणि फुलं फांदीच्या शेंड्याला येतात, त्यामुळे कुंपण सारखं कातरत राहिलात तर करवंदं कुठून येणार? छाटणी फळं उतरल्यावरच. लोणच्याला हिरवी तोडताना देठातून पांढरा चीक येतो, बोटं चिकट होतात, तोडायला माणसं जास्त लागतात, हा खर्च आधीच धरा.

अमेरिकेत ब्लूबेरी अशीच रानातली होती. 1911 पासून एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी रानात बेरी तोडणाऱ्यांना सांगून ठेवलं, मोठ्या फळाचं झुडूप दिसलं की दाखवा, पैसे देते. कोविल नावाचे शास्त्रज्ञ त्यांच्या जोडीला होते, आणि 1916 ला लागवडीचा पहिला माल बाजारात गेला. आपल्या डोंगरच्या काळ्या मैनेचं असं का होऊ नये?

तर एप्रिल-मेमध्ये तुमच्या मालकीच्या बांधावर एखादं झुडूप टपोऱ्या गोड फळांनी लगडलेलं दिसलं तर त्याला चिंधी बांधा आणि आम्हाला सांगा, पावसात येऊन गुटी बांधू. वनखात्याच्या हद्दीतल्याला हात लावू नका, आणि आपलं असलं तरी उपटून आणू नका, मोठं झुडूप हलवलं की बहुतेक वेळा मरतंच.