स्ट्रेप्टोमायसिन आणि गर्भातील बाळाचे कान

क्षयरोगावरचे पहिले प्रभावी औषध म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी 1943 मध्ये ते वेगळे केले. क्षयरुग्णांना महिनोन्‌महिने इंजेक्शने टोचली जाऊ लागली आणि त्यांच्यापैकी काहींना चक्कर, कानात गुणगुण व बहिरेपणा येतो, हे लवकरच ध्यानात आले. गरोदर बाईला दिलेले औषध वारेतून गर्भापर्यंत पोहोचते, त्यामुळे बाळाचे कानही त्याच्या तावडीत सापडतात. म्हणून गरोदरपणात हे इंजेक्शन टाळतात. क्षयावरच्या नेहमीच्या गोळ्या मात्र बंद करत नाहीत.

इजा होते ती आंतरकर्णातील केसपेशींना, म्हणजे आवाज आणि तोल टिपणाऱ्या पेशींना. माणसात शंखातल्या (आंतरकर्णाच्या ऐकणाऱ्या, गुंडाळलेल्या भागातल्या) या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. मूल 'आई', 'मामा' ऐकते, पण 'ससा'मधला 'स' त्याच्या हाती लागत नाही, आणि हाकेला ओ देते म्हणून घरच्यांना शंकाही येत नाही.

स्ट्रेप्टोमायसिनचा रोख शंखापेक्षा तोल सांभाळणाऱ्या भागावर अधिक असतो, आणि नेमके तेच तपासायचे राहून जाते. अशा बाळाची मान उशिरा धरते, बसणे-चालणे लांबते. घरात 'अंगाने जड आहे' म्हणून विषय संपतो. पुढे डोळे आणि पायांच्या जाणिवेवर मूल निभावून नेते. दिवसा अंगणात धावणारे पोर दिवे गेले की भिंत धरते, वाळूत अडखळते. जत्रेतल्या चक्रपाळण्यात त्याला चक्कर येत नाही, याचे कौतुक होते. खरे तर ती खूण आहे. मांडीवर घेऊन गोल फिरवून थांबवले की निरोगी बाळाचे डोळे काही क्षण झटके देत राहतात, याचे देत नाहीत. पोहायला सोडताना विशेष जपावे लागते, कारण पाण्याखाली वर कुठे नि खाली कुठे हे त्याला उमगत नाही.

काही घराण्यांत मायटोकॉन्ड्रियातील (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या सूक्ष्म घटकांतील) डीएनएच्या 1555 क्रमांकाच्या जागी झालेल्या जनुकीय बदलामुळे थोड्या मात्रेनेही बहिरेपणा येतो. हा बदल फक्त आईकडून उतरतो. त्यामुळे 'इंजेक्शनांनंतर कुणाचे कान गेले का?' ही चौकशी आजी, मामा, मावशी यांच्याबाबत करायची असते.

श्रवणासाठी ओएई (आवाजाला कानातून येणारा सूक्ष्म प्रतिसाद टिपणारी) व बेरा (आवाजाने श्रवणमार्गात उठणारे विद्युत संदेश टिपणारी) या चाचण्या झोपलेल्या बाळावरही होतात. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने शंखात बसवलेले ऐकण्याचे यंत्र) जितके लवकर, तितकी भाषा सुधारते. तोलासाठी औषध नाही, व्यायाम आहेत.