ड्रोन की विमान? आधी रडार किती उंचावर आहे ते सांगा

परवा मिरकरवाडा जेटीवर एका ओळखीच्या तांडेलकाकांशी (तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख) बोलत उभा होतो. जानेवारी २०२५ पासून मत्स्यव्यवसाय विभागाने बेकायदा मासेमारीवर लक्ष ठेवायला आपल्या किनाऱ्यावर ड्रोन उडवायला घेतले, त्यावरून विषय निघाला आणि काका म्हणाले, "सर, आता लढाऊ विमानं घेऊन करायचंय काय? छोट्या देशानं सरळ हजारभर ड्रोन घ्यावेत, पायलटचा जीव पण वाचतो." असंच व्हॉट्सअॅपवर पण रोज कोणीतरी लिहितं. युक्रेनच्या बातम्या बघून आणि आपल्याकडे मे २०२५ मध्ये एका रात्रीत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन आल्याचं सरकारने सांगितलं ते ऐकून असं वाटणं साहजिक आहे, त्याच आठवड्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं नावपण मॉक ड्रिलच्या यादीत होतं. पण मला वाटतं प्रश्नच चुकीच्या टोकाकडून विचारला जातोय. शत्रूचा ड्रोन पाडायचा कशाने हे नंतर, आधी तो येतोय हे दिसलं तर पाहिजे!

काकांना मी विचारलं, लांबून येणाऱ्या बोटीचं आधी काय दिसतं? ते लगेच म्हणाले, डोलकाठी. मग केबिन, आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, सगळ्यात शेवटी. बरोबर, कारण मधे समुद्राचा बाक येतो. वाळूवर उभ्या माणसाला क्षितिज जेमतेम साडेचार-पावणेपाच किलोमीटरवर असतं, तोच माणूस शंभर मीटर उंच कड्यावर गेला तर ३५ किलोमीटर. म्हणून दीपगृहं डोंगरावर बांधतात. (यूट्यूबवर "पृथ्वी सपाट आहे, कॅमेरा झूम केला की बोट परत दिसते" असे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. झूमने बारीक झालेली बोट मोठी दिसते, पाण्याआड गेलेला बुडखा वर येत नाही. पटत नसेल तर कुठल्याही खलाशाला विचारा.)

रडारचं अगदी हेच आहे. रडार म्हणजे रेडिओ लहरींचा झोत टाकायचा आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकायचा. या लहरी हवेत थोड्या खाली वाकतात म्हणून प्रकाशापेक्षा जरा लांब पोचतात, पण बाक त्यांनाही चुकत नाही. हिशोब सोपा आहे: रडारची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, लक्ष्याच्या उंचीचं पण वर्गमूळ काढा, दोन्हीची बेरीज करून ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये येतं. रडार २५ मीटरवर आणि विमान १० किलोमीटर उंच असेल तर ५ अधिक १०० म्हणजे १०५, गुणिले ४.१२, सुमारे ४३० किलोमीटर. आता तेच रडार आणि ५० मीटरवरून येणारा ड्रोन घ्या. उत्तर येतं ५० किलोमीटर! कितीही महागडं रडार घ्या, कितीही पॉवर द्या, त्याच्या पलीकडचा ड्रोन पाण्याच्या आड आहे. शाहेदसारखा (इराणी बनावटीचा, लक्ष्यावर आदळून फुटणारा) ड्रोन ताशी १८० किलोमीटरने, म्हणजे मिनिटाला तीन किलोमीटर येतो. हातात सतरा मिनिटं राहिली.

आणि ही सतरा मिनिटं पण कागदावरची. कारण रडारचा झोत जाताना अंतराच्या वर्गाने पातळ होतो आणि परत येताना पुन्हा वर्गाने, म्हणजे एकूण चौथ्या घाताने. लक्ष्यावरून परत येणारी लहर शंभरपट क्षीण असेल तर ते दिसायचं अंतर सुमारे एक-तृतीयांश होतं, दहा हजारपट क्षीण असेल तर एक-दशांश. ड्रोन लहान, बराचसा फायबर किंवा प्लास्टिकचा, त्यामुळे परावर्तन कमी. त्यात खाली समुद्र, आणि लाटांवरूनही प्रतिध्वनी येतातच. लाटा कापून टाकायला रडार डॉप्लरचा उपयोग करतं, म्हणजे वस्तू किती वेगाने जवळ येतेय त्याप्रमाणे लहरीची वारंवारिता बदलते ते बघून "अमुक वेगाखालचं सगळं गाळून टाक" असा फिल्टर लावतं. जेटच्या जमान्यात हे झकास होतं. पण ड्रोन हळू असतो, फिल्टर कडक केला तर तो लाटांबरोबर गाळला जातो, सैल केला तर बांगड्याच्या थव्यावर घिरट्या घालणारे सगळे कुरव पक्षी पण स्क्रीनवर उमटतात. कंट्रोल रूममधला माणूस मग काय काय बघणार?

इथे आपल्या समुद्राची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर उन्हाळ्यात कधी कधी चक्क अरबस्तानचा किनारा दिसायचा, हजार किलोमीटरहून लांबचा! बाक गेला कुठे? तर पावसाळ्याआधी जमिनीवरची गरम कोरडी हवा समुद्रावरच्या दमट हवेवर पसरते, दोन्हींच्या मधे असा थर तयार होतो की रेडिओ लहरी त्यात अडकून पृथ्वीच्या बाकाबरोबर वाकत वाकत जातात, पन्हळीतून पाणी जावं तशा. मृगाचे वारे सुटले की हवा घुसळली जाते आणि हे बंद. म्हणजे एप्रिल-मेमध्ये भलतं लांबचं दिसतं, जुलैमध्ये नाही, आणि याच थरामुळे त्याच्या वरच्या पट्ट्यात मात्र रडारला आंधळी जागा पडू शकते. अशा भरवशावर कुठला देश संरक्षण ठेवणार?

मग उपाय एकच, डोळा उंच न्या. सिंगापूरने हेच केलं. सगळा देश आपल्या एखाद्या तालुक्याएवढा, रडार मागे न्यायला जागा नाही, उंच इमारती आड येतात. त्यांनी ५५ मीटर लांबीचा दोराने बांधलेला फुगा ६०० मीटरवर चढवून त्यात रडार ठेवायचं ठरवलं. वरच्या सूत्रात घाला, ५० मीटरवरचा ड्रोन १३० किलोमीटरवर क्षितिजाच्या वर येतो. सतराऐवजी त्रेचाळीस मिनिटं.

आणि याच कारणासाठी पायलटवालं विमान मला भंगार वाटत नाही. आठ किलोमीटर उंचीवरून खाली बघणाऱ्या विमानाला बाक जवळजवळ आडवाच येत नाही, शिवाय ते ड्रोनच्या दिशेने शंभर-दोनशे किलोमीटर पुढे जाऊन भेटतं. एप्रिल २०२४ मध्ये इराणने इस्रायलवर दीडशेच्या वर ड्रोन सोडले, त्यातले बरेचसे वाटेतच विमानांनी पाडले, आणि त्यात जॉर्डनसारख्या छोट्या देशाची विमानंसुद्धा होती. शांततेतलं काम तर वेगळंच. एखाद्या प्रवासी विमानाचा रेडिओ बंद पडला तर शेजारी जाऊन कॉकपिटमध्ये डोकावून बघायला आणि पंख हलवून "माझ्या मागे ये" असा इशारा द्यायला माणूसच लागतो. एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया यांच्याकडे स्वतःची लढाऊ विमानं नाहीत, तर २००४ पासून नाटोचे बाकीचे देश पाळीपाळीने आपली विमानं तिथे ठेवतात. नुसत्या ड्रोनवर भागत असतं तर कशाला ठेवली असती?

पण तांडेलकाकांचं म्हणणं एका बाबतीत शंभर टक्के खरं, खर्च. शाहेदची किंमत साधारण वीस ते पन्नास हजार डॉलर आणि पॅट्रियट या अमेरिकन हवाई संरक्षण यंत्रणेचं एक नवीन क्षेपणास्त्र ४० लाख डॉलरच्या आसपास. असा मारा रोज चालला तर पाडणाराच आधी कंगाल होईल. म्हणून शेवटच्या वीस-तीस किलोमीटरमध्ये स्वस्त हत्यारं पाहिजेत: तोफा, ड्रोनला धडकणारे ड्रोन, ड्रोनचे रेडिओ सिग्नल बंद पाडणारे जॅमर. आपल्या सैन्याने मे २०२५ मध्ये जुन्या एल-७० तोफा वापरल्याच की.

आणि कान. युक्रेनने मोबाईल टॉवर आणि खांबांवर हजारो साधे मायक्रोफोन बसवलेत, एक सेन्सर काही शे डॉलरचा, आणि ड्रोनच्या इंजिनाच्या आवाजावरून मार्ग काढून मशीनगनवाल्या पिकअप गाड्यांना कळवतात. इंग्लंडने रडारच्या आधी किनाऱ्यावर काँक्रीटचे मोठे वाडगे बांधून विमानांचा आवाज ऐकायचा प्रयोग केला होता, विमानं वेगवान झाली तसा तो निकामी ठरला. आता हळू ड्रोनमुळे तो परत कामाला आला. पाच किलोमीटरवरचा आवाज यायला पंधरा सेकंद लागतात, तेवढ्यात ड्रोन पाऊण किलोमीटर सरकतो, चालतं तेवढं. काकांनी मात्र ऐकल्या ऐकल्या विचारलं, "आमच्या इथं जुलैत समुद्र गाजतो तेव्हा काय ऐकू येणार त्यात?" खरंय, उघड्या किनाऱ्यावर नाही चालणार ते. खाडीच्या आत, सड्यावर, वाऱ्याच्या आडोशाला बसवावे लागतील.